निजवणारे सर

मुलं त्यांना 'निजवणारे सर' म्हणायची. खरं तर त्यांच्या तासाला कोणी झोपत नसे, उलट शेजारच्या वर्गातली मुलं खिडकीशी येऊन उभी राहत. पण सरांना संमोहन येतं ही बातमी मी शाळेत रुजू होण्याच्या कितीतरी आधीपासून तिथे होती, आणि मुलांच्या लेखी संमोहन म्हणजे झोप लावणं. सरांना हे नाव ठाऊक होतं. "नाव वाईट नाही," ते मला म्हणाले होते, "फक्त चुकीचं आहे. मी आयुष्यात एकाच माणसाला निजवलंय, आमच्या हिला. खुर्चीत बसवलं, आकडे मोजले, तर इतकी खोल गेली, इतकी खोल गेली की मी अर्धा तास सूचना देत बसलो. मग घोरायला लागली. दिवाळीची साफसफाई करून दमली होती बिचारी."

सुरतेतली ती मराठी शाळा, तीही पालिकेची. प्लेग येऊन गेला होता, शहर झाडूनपुसून लख्ख झालं होतं, आणि मला नुकतीच तिथे शिक्षिकेची नोकरी लागली होती. वडील गेल्यावर आम्ही धुळ्याकडून सुरतेच्या भेस्तान भागात राहायला आलो होतो. आई, मी आणि माझा धाकटा भाऊ भटू, दोन खोल्यांत.

सर विज्ञान शिकवत. पन्नाशी उलटलेली, उंच, काटकुळे. सुरतेच्या उकाड्यातही पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, मनगटाशी बटण लावलेला. कतारगामहून सायकलवर येत, आणि शाळा भरायच्या पाऊण तास आधी. घंटेखालच्या बाकावर डोळे मिटून बसत. शिपाई त्यांचे पाय उचलून झाडू मारी आणि पाय परत खाली ठेवी. एकदा मी विचारलं, "सर, ध्यान करता का?"

"नाही हो. सायकलवरून आलो ना, आता मागून मी येतोय त्याची वाट बघतोय," ते म्हणाले. मला वाटलं विनोद आहे. पण ते गंभीर होते. "तुम्हीच सांगा, आज घरून शाळेत येताना वाटेत किती वळणं घेतलीत? आठवतात?"

मला एकही आठवेना.

"मग ती कोणी घेतली? यालाच संमोहन म्हणतात. मन एका गोष्टीत गुंतलं की बाकीचं घर आपोआप चालतं. लोकांना वाटतं ही जादू आहे. अहो, दिवसातून चार वेळा होतं ते आपल्याला. मी फक्त ते मुद्दाम करतो."

सर हुकूम कधी देत नसत. 'गप्प बसा' हे शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकलेच नाहीत. वर्गात गोंगाट झाला की ते फळ्याकडे तोंड करून सहज म्हणत, "आता खिडकीकडच्या रांगेतला आवाज हळूहळू कमी होईल," आणि तो व्हायचा. मुख्याध्यापकांना याचा राग येई. एकदा त्यांनीही करून पाहिलं. आवाज वाढला.

सातवीच्या वर्गात त्यांनी केलेला चिंचेचा प्रयोग मी दारातून पाहिला आहे. मुलांना डोळे मिटायला सांगितले आणि त्यांनी एक कच्ची चिंच नुसती वर्णन करून सोलली. तिची हिरवी साल नखाने कशी निघते, आतला गर कसा चिकट, त्यावर मीठ कसं लावायचं, मीठ विरघळेपर्यंत कसं थांबायचं, मग जिभेच्या कडेला कसं ठेवायचं. चाळीस मुलांनी एकदम आवंढा गिळला. मीसुद्धा.

"चिंच कुठे आहे?" सरांनी विचारलं.

"कुठेच नाही सर!"

"मग पाणी का सुटलं? जिभेला कोणी सांगितलं?" आणि फळ्यावर लिहिलं: शरीराला खरं आणि मनापासून कल्पिलेलं यांतला फरक लवकर कळत नाही. पुढे महिनाभर मुलं एकमेकांना मधल्या सुट्टीत चिंचा खायला घालत होती.

दाढेची गोष्ट तर साऱ्या शाळेला पाठ होती. सरांनी किडलेली दाढ भूल न घेता काढून घेतली. दाताचा डॉक्टर तयारच होईना. शेवटी सरांनी खुर्चीत डोळे मिटले, पाच मिनिटांनी बोट वर केलं, आणि डॉक्टरने दाढ उपटली. बाहेर आल्यावर घामाने भिजलेला होता तो डॉक्टर. मी सरांना विचारलं, खरंच दुखलं नाही? "दुखलं ना," ते म्हणाले. "पण शेजारच्या घरात भांडण चालू असावं तसं. ऐकू येत होतं, आपल्याला उठून जायची गरज नव्हती."

असं सगळं असल्यावर लोक नको ती कामं घेऊन येणारच. एकदा एका विद्यार्थ्याची आजी आली. म्हणाली, मास्तर, माझ्या सुनेला वश करून द्या. दुसरा कोणी रागावला असता. सर म्हणाले, "करू की. पण यात ज्याला वश करायचं त्याची परवानगी लागते. सुनेला घेऊन या." आजी फणकाऱ्याने गेली. तीन दिवसांनी खरंच सुनेला घेऊन आली, बहुधा सूनच मागे लागली असेल. सरांनी सुनेला विचारलं, "तुमची काय इच्छा आहे?" ती पदराआडून म्हणाली, "सासूबाईंनी पहाटे पत्र्याचं दार आपटू नये." सर आजींकडे वळले, "मग आधी तुम्हाला घेऊ का?" दोघी हसत गेल्या. दाराचं पुढे काय झालं मला माहीत नाही.

आता भटूबद्दल.

माझा भाऊ तोतरा होता. लहानपणापासून. 'भ' वर तर तो हमखास अडकायचा, आणि आईवडिलांनी नाव ठेवलं भटू. अडकला की त्याची मान एका बाजूला ओढली जायची, डोळे मिटायचे, आणि मी शेजारी असले तर मीच त्याचा शब्द पुरा करून टाकायची. मला वाटायचं मी मदत करतेय. पर्वत पाटियाजवळ साड्यांच्या एका होलसेल दुकानात तो कामाला होता. माल मोजणं, गठ्ठे बांधणं, चलन लिहिणं, सगळ्यात हुशार. फक्त दुकानातला फोन वाजला की तो गोदामात निघून जाई. शेठ चांगला माणूस होता, पण होळीनंतर त्याने स्पष्टच सांगितलं, "काम तो तारुं सरस छे, पण फोन कोण उपाडशे? दिवाळीपर्यंत बघतो, भटू. मग मला फोनवाला माणूस ठेवावा लागेल." दुकानात एकाच माणसाची जागा होती. आणि माझ्या एकटीच्या पगारात तीन माणसं भागत नव्हती.

त्याच उन्हाळ्यात आमच्या भागातल्या मराठी मंडळाने रविवारी दुपारी संमोहनाचा खेळ ठेवला. मखमली कोट घातलेला एक 'प्रोफेसर' बाहेरगावहून आला होता. त्याने सगळ्या हॉलला हात एकमेकांत घट्ट गुंफायला सांगितले आणि म्हणाला, आता ते सुटणार नाहीत. बहुतेकांचे सुटले. सात-आठ जणांचे सुटले नाहीत, त्यांना स्टेजवर बोलावलं. त्यात भटू होता. आई घाबरली. मागच्या रांगेत आमचे सर बसले होते, ते पुढे वाकून आईला म्हणाले, "काळजी करू नका. हात चिकटणं हे कमजोर मनाचं लक्षण नाही. उलट, कल्पनाशक्ती जोरकस आहे तुमच्या मुलाची."

प्रोफेसरने कोणाला कांदा सफरचंद म्हणून खायला लावला, कोणाला नसलेल्या घोड्यावर बसवलं. लोक हसून लोळत होते. भटूपाशी येऊन तो म्हणाला, "तुम्ही फार मोठे वक्ते आहात. हजारो माणसं समोर बसलीत. आपल्या गावाबद्दल बोला."

आणि माझा भाऊ उभा राहून बोलायला लागला.

एकदाही अडखळला नाही. उन्हाळ्यात कोरड्या नदीत झिरा खणून वाटीवाटीने पाणी कसं भरायचो, ते त्याने सांगितलं. वडील त्या पाण्याला हात लावण्याआधी म्हशीला पाजायचे, ते सांगितलं. त्याचा आवाज इतका छान आहे हे मला बावीस वर्षांत माहीत नव्हतं. आईने पदर तोंडात कोंबला होता. हॉल गप्प झाला होता.

मग प्रोफेसरने पाचपर्यंत आकडे मोजले, टिचकी वाजवली, सगळे डोळे चोळत जागे झाले. भटूनेही डोळे उघडले. पुढच्या रांगेतून त्याच्या मार्केटमधला कोणीतरी ओरडला, "ए भटू, आता तुझं नाव सांग पाहू!"

भटूने तोंड उघडलं. "भ... भ... भ..."

हॉल हसला. दुष्टपणाने नव्हे, नुसतं हसू फुटलं. भटूने तोंड मिटलं, खुर्चीत बसला, मान खाली घातली आणि डोळे मिटून घेतले.

ते उघडलेच नाहीत.

प्रोफेसर म्हणाला, होईल दहा मिनिटांत जागा, असं होतं कधी कधी. त्याचा संध्याकाळी नवसारीला खेळ होता. सामान जीपमध्ये टाकून तो गेलासुद्धा. वीस मिनिटं झाली. भटू हाका ऐकेना, हलवलं तर मान लुळी. कोणी म्हणालं, जोडा हुंगवा. कोणी म्हणालं, ज्याने बांधलं त्यानेच सोडायला पाहिजे, नाहीतर असाच राहतो जन्मभर. कोणी भगताचं नाव घेतलं. एकाने सिव्हिलला न्यायला रिक्षा आणून उभी केली. आई स्टेजवर त्याच्या पायाशी बसून रडत होती, पोराला कुठे नेलं म्हणून विचारत होती, "मन्हा पोऱ्याले कथा लई गया रे तो? कथा लई गया?"

तेवढ्यात सर स्टेजवर आले. त्यांनी आधी आईला विचारलं, "माय, मी तुमच्या मुलाशी दोन शब्द बोलू का?" आईने मानेनेच हो म्हटलं. मग त्यांनी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. आई आणि मी थांबलो. दार मात्र त्यांनी उघडंच ठेवलं. चपला काढल्या आणि खुर्चीशेजारी खाली मांडी घालून बसले, म्हणजे भटूची खाली झुकलेली मान त्यांच्या तोंडासमोर आली.

"भटू, मी तुझ्या ताईच्या शाळेतला मास्तर," ते अगदी हळू म्हणाले. "मी तुला उठवायला आलेलो नाही. तुला हवं तितका वेळ डोळे मिटून बस."

मग उघड्या दाराकडे बघत म्हणाले,

"बाहेर सगळे म्हणतायत, तू अडकलास. यात कोणी अडकत नाही. ज्याला झोप लागली तो झोप झाली की उठतो. जो उठत नाही त्याच्याकडे न उठण्याचं कारण असतं. तुझं कारण मी पाहिलं. ते हसले तेव्हा मी मागे बसलो होतो."

भटूची पापणी हलली. आईने माझा हात धरला.

"तुला वाटतंय, मघाचं बोलणं त्या माणसाने तुला दिलं होतं, आणि डोळे उघडले की ते जाणार. तो गेला रे नवसारीला. मी त्याचं सामान जीपमध्ये जाताना पाहिलं. एक ट्रंक, दोन पडदे आणि टेपरेकॉर्डर. तुझा आवाज त्यात नव्हता."

सर आणखी जवळ सरकले.

"रोज तू बोलतोस तेव्हा एक भटू बोलतो आणि दुसरा भटू पहाऱ्यावर उभा असतो, आता अडकेल, आता अडकेल म्हणत. त्या प्रोफेसरने काय केलं? पहारेकऱ्याला चहाला पाठवलं, बस. बोलला तो तूच. नदी तुझी, वडील तुझे, जीभ तुझी. आता पहारेकरी परत आलाय, तो येणारच. उद्याही येईल. पण तो चहाला जातो, हे आज आपल्या दोघांना कळलं." मग म्हणाले, "डोळे उघडू नकोस. मला काही सांगू नकोस. आईला एक वाक्य सांग. अडखळलास तर अडखळ. इथे हसणारं कोणी नाही."

मला त्याचा शब्द पुरा करायची इतकी सवय होती की मी ओठ दाताखाली धरून ठेवले होते.

"मा... माय," भटू म्हणाला. डोळे मिटलेलेच. "मी... मी जागाच शे."

"मंग डोया उघाड ना, बाप!" आई ओरडली, आणि त्याने उघडले. आईने आधी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग त्याला इतकं घट्ट धरलं की खुर्ची कलंडली. मी रडत होते की हसत होते, मला सांगता येणार नाही. बाहेर रिक्षावाला जायचंय की नाही ते विचारत होता, "बेन, जवानुं छे के नथी?" मी म्हटलं, "जवानुं छे. घरे." आणि खरंच आम्ही त्याच रिक्षाने घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी तोतरेपणा जसाच्या तसा होता. भटू चिडून शाळेत आला आणि सरांना म्हणाला, "म... मला परत तसं करा. आणि त... तसंच ठेवा."

"तसंच ठेवता येत नाही," सर म्हणाले. "आणि मी वाणीचा डॉक्टर नाही. सरकारी दवाखान्यात त्याचे लोक बसतात, त्यांच्याकडे आधी जा. ते सांगतील ते कर. आणि रविवारी सकाळी माझ्याकडे ये."

मग रविवारमागून रविवार आम्ही कतारगामला जात राहिलो. दार उघडं, सरांच्या बाई भाजी निवडत बसलेल्या, मी खाटेवर, आणि भटू भिंतीवरच्या कॅलेंडरच्या खिळ्याकडे बघत श्वास मोजतोय. पहिल्या रविवारी सर म्हणाले, "फोन वाजतोय अशी कल्पना कर." भटूचा चेहरा उतरला. सरांनी त्याचा हात हातात घेतला. "बघ, गार पडला. घंटा तर वाजलीच नाही. नुसत्या कल्पनेने हात गार पडतो, तर कल्पनेनेच तो गरमही होईल. आपलं काम तेवढंच." मग तो कल्पनेत फोन वाजवी, उचली, अडखळे, आणि अडखळूनही पुढे बोले. सरांनी त्याला 'तू अडखळणार नाहीस' असं एकदाही सांगितलं नाही. म्हणायचे, "अडखळशील आणि पुढे जाशील." मलाही एक काम दिलं होतं, त्याचा शब्द कधीही पुरा करायचा नाही. सगळ्यात अवघड माझंच होतं.

श्रावणात सगळं फिसकटलं. भटूने दुकानात पहिल्यांदा फोन उचलला, 'हॅलो'वरच अडकला, पलीकडच्याने लाइन खराब आहे समजून ठेवून दिला. त्यानंतर तीन रविवार तो गेला नाही. मी सरांना म्हटलं, तुम्ही बोलवा ना त्याला. ते म्हणाले, "बोलावलं तर तो माझ्यासाठी येईल." चौथ्या रविवारी तो माझ्या आधी चप्पल घालून उभा होता.

दिवाळीच्या सुट्ट्या लागायला चार-पाच दिवस होते. शिपाई वर्गात येऊन म्हणाला, बाई, तुमचा फोन. शाळेत फोन यायचा तो वाईट बातमीचाच. मी धावत मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. "हॅलो?"

पलीकडे कोणी बोलेना. नुसता श्वास. मी ओळखला. टेबलाची कड धरून गप्प उभी राहिले.

"ता... ताई," आवाज आला. "भ... भटू बोलतोय. शेठने सकाळपासून मला फोनवर बसवलंय. अकरा घेतले. मुंबईचा एक, दोन इंदूरचे. शेठ म्हणाला, तू अटकतो पण ऑर्डर बरोबर लिहितो. उ... उद्यापासून मीच. ठेवतो, गिऱ्हाईक आलंय."

मी सरांच्या वर्गाकडे जवळजवळ पळतच गेले. ते सातवीला पचनसंस्था शिकवत होते. दारातच त्यांना सगळं सांगितलं.

"अडखळला?"

"दोन-तीनदा."

"आणि पुढे गेला?"

"गेला."

सरांनी मुलांना जठराची आकृती काढायला सांगितली आणि ते खुर्चीत बसले. चष्मा काढला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, त्या दिवशी हॉलमध्ये मला काडीचीही खात्री नव्हती."

मला कळेना. "तुम्ही तर म्हणालात, यात कोणी अडकत नाही."

"पुस्तकात तसंच आहे. आणि ते खरं आहे. पण पुस्तकात समोर खुर्चीत पोरगा नसतो, त्याच्या पायाशी आई रडत नसते. फिट असती तर? डोक्यात काही झालं असतं तर? रिक्षा दारात उभी होती आणि मी त्याला पहारेकऱ्याची गोष्ट सांगत होतो. माझे हात मांडीखाली दाबून ठेवले होते, थरथरताना दिसू नयेत म्हणून." मग चष्मा पुसत म्हणाले, "आणि नंतर हे सहा महिने. त्याची नोकरी गेली असती तर त्याला वाटलं असतं, मास्तरही त्या प्रोफेसरसारखाच. रोज त्या बाकावर बसून मी तोच विचार करत होतो."

एवढा शांत आवाज, आणि आतून हे. मी म्हटलं, "सर, चहा आणू?"

"नको. मी घरी जातो."

सरांनी इतक्या वर्षांच्या नोकरीत एक दिवसही रजा घेतलेली कोणाला आठवत नव्हती. त्या दुपारी त्यांनी अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज लिहिला. मुख्याध्यापकांनी तो वाचला आणि शिपायाबरोबर परत पाठवला, एक अक्षर राहून गेलंय, दुरुस्त करा म्हणून. सर तोवर सायकल काढून कतारगामच्या वाटेला लागले होते. अर्ज मीच वाचला. कारणापुढे त्यांच्या सुंदर, गोलाकार अक्षरात लिहिलं होतं: 'बरं वाटत असल्यामुळे.'

मी काहीच दुरुस्त न करता तो फाइलला लावून टाकला.